यशवंत घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस नेमका कशासाठी?

माणगावात त्यांचा पुतळा बघितला, दुसऱ्या महायुद्धातले एवढंच कळलं. नक्की काय केलं होतं त्यांनी? आणि शौर्यासाठीचं हे सर्वोच्च ब्रिटिश पदक मरणोत्तरच मिळतं का?

प्रतिसाद १
इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४. मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक (लष्करातला हुद्दा) होते, वय फक्त २२. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे मेले नाहीतर जखमी झाले, हा गडी एकटाच पुढे धावला, ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले, तिसरं काम म्हणजे अजून एकाला गोळी घातली, आणि मग मॅगझिन बदलायला वेळच नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने हाणलं. शेवटी स्नायपरने टिपलं. देहही सापडला नाही हो, इटलीतल्या कसिनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे फक्त.

प्रतिसाद २
मरणोत्तरच असं काही नाही. नामदेव जाधवांना १९४५ मध्ये इटलीतल्याच सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी तोच क्रॉस मिळाला, दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणलं, आणि स्वतः जगले. परमवीर चक्रही २१ जणांना, त्यातली १४ मरणोत्तर. आपले राम राघोबा राणे जिवंतपणीच घेणारे.

प्रश्नकर्ता
नळीकडून धरून?? तापलेली असणार ती. पुतळ्यापाशी चार ओळी तरी लिहायला हव्या होत्या राव.