लिंक्ड डेटा मराठीत समजावताना कुठले शब्द वापरावेत?

पेठकरी:
सांगलीत ग्रंथपाल आणि हळदीच्या अडत्यांकडचे दिवाणजी यांना एकत्र बसवून दोन तासांत लिंक्ड डेटा (यंत्रालाही वाचता येईल अशी, वेबवर एकमेकींना जोडलेली माहिती) शिकवायचा आहे. ट्रिपल (तीन भागांत मांडलेली एक नोंद), ऑन्टॉलॉजी (गोष्टींचे प्रकार आणि त्यांच्यातली नाती ठरवणारी चौकट), सिमँटिक वेब (यंत्राला अर्थ कळेल असं वेब) यांना काय म्हणावं? ‘जोडमाहिती’, ‘अर्थजाल’, ‘सत्तामीमांसा’ एवढे हाताशी आहेत.

निळी शाई:
सत्तामीमांसा आधी काढा, चहाला उठलेली माणसं परत यायची नाहीत. ‘अर्थजाल’ पेढीवर म्हणालात तर व्याजबट्ट्याचं काही वाटेल. ‘जोडमाहिती’त जोडधंद्यातली जोड ऐकू येते, म्हणजे मुख्य माहिती दुसरीकडेच. सरळ ‘जोडलेली माहिती’ म्हणा. ऑन्टॉलॉजीला ‘प्रकार-नात्यांचा आराखडा’. सिमँटिक वेब तसंच राहू द्या, दोन तासांत त्याची गरजच पडत नाही.

ट्रिपलला ‘विधान’. त्याचे भाग कर्ता-कर्म-क्रियापदावर बसवू नका: आपलं क्रियापद शेवटी येतं, टर्टल फाइलीत (ट्रिपल लिहायचा एक साचा) नातं मधे असतं. पहिल्या भागाला ‘विषय’ही नको, ग्रंथपालांच्या डोक्यात पुस्तकाचा विषय येतो. फळ्यावर तीन रकाने आखा: कशाबद्दल, नातं, काय. खाली लिहा: पेव, कुठे आहे, हरिपूर. पुरे.

हरिपूर रोड:
शब्दांआधी यूआरआय शिकवा, म्हणजे प्रत्येक गोष्टीची वेबपत्त्यासारखी एकमेव ओळख. ‘हळद’ म्हणजे पीक, पूड की लग्नाआधीचा विधी? तिघांना तीन वेगळे यूआरआय हवेत. यूआरआयमध्ये नावाऐवजी क्रमांक ठेवा. देवनागरीच्या दर चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट लागतात आणि यूआरआयच्या टक्केवाल्या लेखनात (दर बाइट % चिन्ह लावून लिहिताना) दर बाइटची ३ अक्षरं होतात, म्हणजे ‘हळद’ची २७! नाव लेबलमध्ये जाऊ द्या. स्कॉसमध्ये (शब्दसूची लिंक्ड डेटात मांडायचं प्रमाण) एका भाषेत मुख्य नाव एकच चालतं, पर्यायी हवी तितकी, आणि चुकीच्या स्पेलिंगसाठी छुपं नाव वेगळं.

‘सेम ॲज’ (दोन यूआरआय एकाच गोष्टीचे आहेत असं सांगणारं नातं) मात्र जपून. पीक आणि पूड त्याने जोडलीत, तर लागवडीचा महिना पुडीलाही चिकटतो.

पेठकरी:
चाचणीत ‘हळद’ शोधली तर स्पार्कल (या डेटाला प्रश्न विचारायची भाषा) शून्य ओळी देतं. डेटात ती आहे.

हरिपूर रोड:
डेटात मराठीची भाषाखूण असेल, प्रश्नात नसेल. खूण असलेली आणि नसलेली ‘हळद’ ही दोन वेगळी मूल्यं. प्रश्नातही खूण लावा, नाहीतर ‘स्ट्र’ फंक्शनने खूण काढून तुलना करा.

‘ॲप’सारख्या शब्दात तरीही अडेल. ‘ॲ’ कुणी एकाच चिन्हाने टाइप करतं, कुणी अ वर चंद्र देऊन. दिसायला सारखंच. एनएफसी (युनिकोडमधली अक्षररूपं एकसारखी करायची पद्धत) केलं की ‘ऱ’ची दोन रूपं (एकच चिन्ह, किंवा र खाली नुक्ता) एक होतात, ‘ॲ’ची होत नाहीत. ती डेटा चढवण्याआधी शोधून बदला.

निळी शाई:
दिवाणजींना यूआरआय सांगताना ‘खाते नंबर’ म्हणा. नाव बदललं तरी खातं तेच. फक्त पेढीच्या नावासकट लिहायला लावा, ४७ नंबरचं खातं प्रत्येक पेढीवर असतं.