पहिल्या अल्बममधील तिसरी रचना: दोष कोठे आहे?

रामबागकर (प्रश्न)

माझा पुतण्या आणि त्याचे तीन मित्र गेली चार वर्षे इंदूरला एक बँड चालवीत आहेत आणि त्यांचा पहिला अल्बम पुढील महिन्यात प्रकाशित होणार आहे. त्यात चार रचना आहेत, एकूण अवधी ४६ मिनिटांचा आहे आणि गायन मुळीच नाही. दोन गिटारी, एक बेस गिटार आणि ड्रम्स एवढ्यावरच सगळी भिस्त आहे. या प्रकाराला पोस्ट-रॉक म्हणतात, एवढे त्याने मला सांगितले. ‘काका, तुम्ही आधी ऐका आणि जे वाटेल ते मोकळेपणाने सांगा,’ असे म्हणून त्याने सर्व फाइली माझ्या मोबाइलवर पाठविल्या.

माझे कान उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गायकीवर वाढले आहेत. झुमरा तालाच्या चौदा मात्रांमधून सावकाश उलगडत जाणारा अतिविलंबित ख्याल ज्याने आयुष्यभर ऐकला, त्याला चौदा मिनिटांच्या रचनेचे भय वाटण्याचे कारण नाही. म्हणून पहिल्या दोन रचना मी ख्यालातील बढत, म्हणजे रागाचा सावकाश होणारा विस्तार, ऐकावी तशा ऐकल्या आणि त्या मला आवडल्या. तिसऱ्या रचनेपाशी मात्र मी अडलो. तिच्यात एक गिटार चार-पाच स्वरांचा एकच तुकडा नऊ-दहा मिनिटे वाजवीत राहते, बाकीची वाद्ये एकेक करून तिला येऊन मिळतात आणि दहाव्या मिनिटानंतर सर्वजण एकदम तुटून पडतात. तेथे अंगावर काटा यावा अशी अपेक्षा असणार, पण माझ्या कपाळाला आठी पडली. आवाज मोठा झाला असे वाटलेच नाही, तो फक्त गढूळ झाला; आणि ज्या गिटारीचे बोट धरून मी इतका वेळ चाललो होतो, ती कोठे गेली तेच कळेना. हा या संगीताचा स्वभावच आहे, की रचनेतील दोष आहे, की ध्वनिमुद्रणातील? मुलांनी एका मंगल कार्यालयाच्या रिकाम्या सभागृहात ड्रम्सचे ध्वनिमुद्रण केले आहे, एवढे मला ठाऊक आहे. जे मला समजले नाही त्याला दोष म्हणण्याचा अन्याय माझ्या हातून होऊ नये, म्हणून विचारतो.

ध्वनिवेडा

सभागृहाला लगेच दोषी धरू नये. ‘पोस्ट-रॉक’ हा शब्द इंग्रज समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी १९९४ मध्ये ज्या अल्बमच्या परीक्षणात वापरला, तो बार्क सायकोसिस या बँडचा ‘हेक्स’ हाही पहिलाच अल्बम होता आणि त्याचे काही ध्वनिमुद्रण लंडनच्या स्ट्रॅटफर्ड भागातील एका चर्चमध्ये झाले होते. मोठ्या खोलीतील घुमारा या मंडळींना हवाच असतो.

तुमच्या प्रश्नात मला एक वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते: आवाज मोठा झाला नाही, गढूळ झाला. मास्टरिंग करताना, म्हणजे सर्व वाद्ये मिसळून तयार झालेल्या मिश्रणावर प्रकाशनापूर्वी शेवटचा हात फिरविताना, लिमिटर नावाचे साधन वापरून आवाजाची उंच टोके दाबतात आणि मग एकंदर पातळी वर उचलतात, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या गाण्यानंतर आपले गाणे लागले तर ते दुबळे वाटू नये. चित्रपटगीतात हे खपून जाते. या प्रकारात मात्र हळू आणि मोठा यांतील अंतर हाच रचनेचा कणा असतो, आणि तो दाबला की हळू भाग विनाकारण जवळ येतो व मोठा भाग जागच्या जागी कोंडला जातो. ग्लासगोच्या मोगवाई या बँडचा १९९७ चा पहिला अल्बम ‘यंग टीम’ मिळवून त्यातील ‘लाइक हेरॉड’ ही रचना अवश्य ऐका. अकरा मिनिटांहून थोड्या मोठ्या त्या रचनेत शांततेतून जो स्फोट होतो त्याने माणूस खुर्चीत दचकतो, आणि ते दचकणे सर्वस्वी त्या अंतरावर अवलंबून आहे.

शिवाय पातळी उचलून काही पदरातही पडत नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये सर्व गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या जाणवणाऱ्या पातळीचे माप) आसपास आणते, म्हणजे अधिक मोठा केलेला मास्टर (मास्टरिंगनंतरची प्रत) तेथे खाली ओढलाच जातो आणि दाबलेली टोके मात्र दाबलेलीच राहतात. पुतण्याकडून मास्टरिंगपूर्वीचे मिश्रण मागवा, दोन्ही ऐकताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, आणि कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका.

चाटीमारे

मी स्वतः तबला वाजवितो, म्हणून बढतीच्या तुलनेला थोडी हरकत घेतो. ख्यालात बढत होते ती स्वरांची: एकेक स्वर जागा मिळवितो, त्याचे इतर स्वरांशी नाते उलगडते आणि गायक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो तेव्हा आधीपेक्षा अधिक काही सांगून येतो. अमीर खाँसाहेबांच्या गाण्यात कळस गाठण्यासाठी आवाज चढविलेला मला आठवत नाही. तुम्ही वर्णिलेल्या रचनेत तर गिटारीचे स्वर दहा मिनिटे बदललेलेच नाहीत. बदलले आहे ते तिच्याभोवतीचे वजन.

आपल्याकडे याच्या अधिक जवळची गोष्ट आहे ती स्वतंत्र तबलावादनातील लेहऱ्याची. हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एकच सुरावट अखंड फिरत राहते, तिच्याकडे कोणी मुद्दाम लक्ष देत नाही, आणि सगळी घडामोड तिच्या आधाराने तबल्यावर होते. परंतु तोच लेहरा क्षणभर थांबला तर पेशकार काय आणि रेला काय, तबलावादनाचे सारेच प्रकार अधांतरी होतात. (लेहरेवाल्याला बिदागी मात्र नेहमी कमी, हे जाता जाता.) तेव्हा तुमच्या पुतण्याला विचारण्याचा खरा प्रश्न हा आहे: दहाव्या मिनिटानंतर लेहरा कोण धरतो? कोणीच धरीत नसेल, तर तो रचनेतील दोष आहे आणि कितीही चांगल्या मास्टरिंगने तो भरून निघणार नाही.

राजवाडा

चौदा मिनिटे कोण ऐकणार? स्ट्रीमिंगवर ३० सेकंद ऐकले की गाणे एकदा ऐकले गेले असे मोजले जाते, मग रचना दोन मिनिटांची असो वा चौदा. तुकडे करून टाका.

ध्वनिवेडा

राजवाडा यांचा हिशेब बरोबर आहे. पण हिशेबच करायचा तर हे संगीत मुळात करूच नये. कॅनडातील गॉडस्पीड यू ब्लॅक एम्परर या बँडच्या १९९७ च्या पहिल्या अल्बमच्या तबकडीवर शेवटची खाच बंद वर्तुळासारखी कोरलेली आहे, त्यामुळे सुई उचलेपर्यंत रचना संपतच नाही. पाकिटात तर आगगाडीखाली चपटे केलेले नाणे असे. त्याचे तुकडे कसे करणार?

रामबागकर यांच्यासाठी एक दिलासा: टेक्सासच्या एक्स्प्लोजन्स इन द स्काय या बँडने आपला पहिला अल्बम २००० मध्ये सीडी-आरच्या अवघ्या ३०० प्रतींमध्ये काढला आणि २००५ मध्ये तो नव्याने मास्टर करून पुन्हा प्रकाशित केला. तुमच्या मुलांचा अल्बम तर अजून बाहेरही पडलेला नाही.

रामबागकर

सर्वांचे आभार. पुतण्याने मास्टरिंगपूर्वीचे मिश्रण आणले आणि रविवारी दुपारी आम्ही दोघांनी ते चांगल्या हेडफोनवर, पातळी जुळवून, तीन वेळा ऐकले. ध्वनिवेडा यांचे निदान अचूक ठरले: मूळ मिश्रणात दहाव्या मिनिटाला सभागृह खरोखर उघडल्यासारखे वाटते आणि झांजांची किणकिण ड्रम्सपासून वेगळी ऐकू येते, जी मास्टरमध्ये नुसत्या फेसासारखी झाली होती. मुले आता मास्टर पुन्हा करून घेणार आहेत आणि प्रकाशन तीन आठवडे पुढे गेले आहे.

चाटीमारे यांचा प्रश्न मी त्याला जसाच्या तसा विचारला. लेहरा म्हणजे काय हे आधी समजावून सांगावे लागले, परंतु समजल्यावर तो हसला आणि म्हणाला, ‘काका, तो बेस गिटारकडे दिलाय.’ पुन्हा ऐकले तर खरेच, गिटार सोडते त्याच क्षणी तेच चार-पाच स्वर खाली खर्जात सुरू होतात आणि अखेरपर्यंत चालू राहतात. मी पहिल्यांदा ऐकले ते संध्याकाळी ओट्यावर बसून, मोबाइलच्या स्पीकरवर. तेथे खर्ज होताच कोठे?