लेखी इंग्रजीतल्या सूचना: तुमचे अनुभव सांगा

ऑफिसच्या ईमेलपासून औषधाच्या लेबलापर्यंत आपण रोज इंग्रजीत सूचना लिहितो. वाचणाऱ्याने भलताच अर्थ घेतला, असं कुठे घडलं? कोणता शब्दप्रयोग नडला आणि त्याजागी आता काय लिहिता, तेही सांगा.

सॉफ्टवेअर टीम, पुणे:
आमच्याकडच्या एकाने लंडनच्या सहकाऱ्याला लिहिलं, 'प्लीज रिव्हर्ट ऑन धिस चेंज'. त्याला उत्तर हवं होतं. तिकडे रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, आणि गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तर ती केलेला बदल उलटवण्याची कमांडच आहे. सहकाऱ्याने खरंच बदल काढून टाकला! आता आम्ही 'प्लीज रिप्लाय' लिहितो. 'डू द नीडफुल'ही सोडलं. लॉग पाठवा, अमुक परवानगी द्या, असं थेट मागतो.

प्रोजेक्ट मॅनेजर, ठाणे:
'बायवीकली' मी लिहीतच नाही. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत. सरळ वार आणि तारखा टाकते.

इंग्रजीची शिक्षिका, सातारा:
सगळ्यात चिवट जोडी 'बाय' आणि 'टिल'. आपल्या 'पर्यंत'मध्ये दोन्ही मावतात ना! शुक्रवारपर्यंत फॉर्म द्या. शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे. पहिल्यात मुदत आहे, दुसऱ्यात तोवर चालू राहणारी स्थिती. म्हणून मुलं बिनदिक्कत 'सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे' लिहितात. मी विचारते, काम एकदा करून संपतं की तोवर चालूच राहतं? संपत असेल तर 'बाय'. नकारात मात्र जपावं लागतं: 'डू नॉट सबमिट टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत देऊच नका.

'पाहिजे'चंही तसंच. मस्ट आणि शुड, दोन्हींना आपण 'पाहिजे' म्हणून मोकळे होतो. इंटरनेटच्या मानकांसाठी १९९७ साली आरएफसी २११९ या दस्तऐवजात हे शब्द बांधून दिले गेले. मस्ट म्हणजे सक्ती. शुड म्हणजे सबळ कारण असेल तर वगळता येतं, पण परिणाम नीट तोलून. कॉलेजच्या मुलांना हे दाखवलं की फरक पक्का बसतो.

फार्मासिस्ट, नाशिक:
संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. म्हणून 'वन्स अ वीक' एवढ्यावर मी थांबत नाही. डॉक्टरांनी ठरवलेला वार घालून 'टेक ओन्ली ऑन मंडे' लिहितो, खाली मराठीत 'फक्त सोमवारी'. आणि 'ॲज डायरेक्टेड' लेबलवर नकोच. घरी गेल्यावर कोणाला आठवतं डॉक्टर काय म्हणाले ते?

विमान देखभाल, मुंबई:
आमच्या मॅन्युअलसाठी एएसडी-एसटीई १०० हे सोप्या तांत्रिक इंग्रजीचं मानक आहे. सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं. एका शब्दाला एकच अर्थ: 'क्लोज' म्हणजे बंद करणं, जवळ म्हणायचं तर 'निअर'. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो क्रमाचा नियम. धोक्याचा इशारा कृतीच्या आधी यायला हवा, कारण काम करणारा ओळ वाचतो आणि लगेच हात घालतो.