शब्दचर्चा : इंजिनातल्या ‘फोर्स्ड इंडक्शन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :
इंदूरच्या आमच्या घरी दोन जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरी आहेत, एक बजाज आणि दुसरी जवळच्याच पीथमपूरला तयार झालेली कायनेटिक होंडा. त्यांपैकी बजाजला लहानसा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, बसवण्याचे माझ्या भाच्याने मनावर घेतले आहे. त्याच्यासाठी मराठीत टिपण लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. ‘सक्तीचे अंतर्ग्रहण’ असे लिहिले, तर त्याने विचारले, ‘‘मामा, ही जप्तीची नोटीस आहे का?’’ जाणकारांनी योग्य शब्द सुचवावा.

उत्तर :
आपल्या भाच्याचा आक्षेप रास्त आहे. सक्ती ही ज्याला नकार देता येतो त्याच्यावर होते, म्हणून शिक्षण सक्तीचे असते, हवा सक्तीची नसते. ‘इंडक्शन’चा मूळ लॅटिन अर्थ ‘आत नेणे’ एवढाच असला, तरी मराठीने त्याला विषयागणिक वेगळे शब्द दिले आहेत : विजेच्या संदर्भात प्रवर्तन, तर्कशास्त्रात विगमन, आणि स्वयंपाकघरात तर इंडक्शनची शेगडी. यांतला एकही शब्द इंजिनाला चालत नाही, कारण तिथे हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरमध्ये भरणे एवढीच क्रिया अभिप्रेत आहे. पोत्यात कापूस आपण दाबून भरतो. त्याच चालीवर ‘दाबभरण’ हा शब्द मला सरळ वाटतो. सुपरचार्जर आणि टर्बो (धुराच्या झोताने फिरणारा तसाच पंप) ही यंत्रांची नावे आहेत, ती तशीच राहू द्यावीत.

शंका :
‘दाबभरण’ कानाला बरा वाटतो, पण टू-स्ट्रोकच्या बाबतीत तो घोटाळा करील. या इंजिनात पिस्टन खाली येताना क्रँककेसमधले, म्हणजे त्याच्या खालच्या बंद पेटीतले, मिश्रण दाबतो आणि तेच बाजूच्या पोर्टांतून (भिंतीतल्या खिडक्यांतून) वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. मग साधी, कारखान्यातून आली तशी स्कूटरसुद्धा दाबभरणाचीच म्हणायची काय?

उत्तर :
शंका नेमकी आहे आणि शब्दाची खरी परीक्षा इथेच होते. शक्य असल्यास बजाजचा मोकळा बोअर, म्हणजे सिलिंडर, हातात घ्यावा, पिस्टन त्यात वरून सरकवत खाली न्यावा आणि भिंतीतल्या खिडक्यांकडे, म्हणजे पोर्टांकडे, पाहावे. आधी सायलेन्सरकडची खिडकी उघडते, आणखी काही मिलिमीटर खाली गेल्यावर मिश्रण आणणाऱ्या खिडक्या उघडतात. पिस्टन परत वर नेला की हाच क्रम उलटा होतो : मिश्रणाच्या खिडक्या आधी मिटतात आणि सायलेन्सरची त्यांच्यानंतर. आत कितीही दाबाने मिश्रण भरले, तरी तेवढ्या अवधीत दार उघडेच असते आणि वाढीव माल सायलेन्सरवाटे निघून जातो. सर्वसाधारण जुन्या बजाजच्या बोअरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव तेवढीच, म्हणजे १४५ घनसेंटिमीटर. क्रँककेसचा पंपही एका फेरीत जास्तीत जास्त तेवढेच ओढू शकतो आणि प्रत्यक्षात त्याहून कमी ओढतो. तो दाब फक्त मिश्रण पलीकडे ढकलण्यापुरता आहे. म्हणून व्याख्या अशी करावी : शेवटची खिडकी मिटते त्या क्षणी सिलिंडरमध्ये कोंडलेल्या मिश्रणाचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा चांगलाच जास्त असेल, तरच ते दाबभरण. साधी स्कूटर या व्याख्येत बसत नाही.

यावरून लक्षात येईल की टू-स्ट्रोकच्या चर्चेला एक नव्हे, तीन शब्द लागतात. जळका धूर ताज्या झोताने बाहेर हाकलणे हे ‘संमार्जन’ (मला स्वतःला ‘धुलाई’ अधिक आवडतो, पण तो कदाचित छापला जाणार नाही), जास्त दाबाने भरणे हे ‘दाबभरण’, आणि भरलेले निसटू न देणे हे ‘कोंडण’. जनरल मोटर्सच्या १९३८ पासूनच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांवर रूट्स पद्धतीचा ब्लोअर, म्हणजे इंजिनच फिरवते असा हवेचा पंप, असे. तो पाहून अनेक जण त्यांना सुपरचार्ज्ड म्हणतात. वस्तुतः त्या इंजिनांत क्रँककेसचा पंपच नसल्याने ब्लोअरचे मुख्य काम संमार्जनाचे होते.

कोंडणाचा प्रश्न ज्यांनी सोडवला त्यांत जर्मनीची डीकेडब्ल्यू कंपनी ठळक आहे. तिच्या शर्यतीच्या २५० सीसी मोटरसायकलीत एकाच ज्वलनकक्षाखाली दोन पिस्टन असत, एक मिश्रणाच्या खिडक्या सांभाळी आणि दुसरा धुराच्या, शिवाय मिश्रण दाबायला निराळा पिस्टन असे. तिच्यावरच एवाल्ड क्लुगे यांनी १९३८ मध्ये आइल ऑफ मॅनची लाइटवेट टीटी शर्यत जिंकली. युद्धानंतर शर्यतींत सुपरचार्जरवर बंदी आली. पुढे एमझेड कंपनीत वाल्टर काडेन यांनी निमुळत्या सायलेन्सरच्या आकारातूनच दाबाची लाट परत फिरवली आणि निसटलेले मिश्रण पुन्हा आत ढकलले. याला हवे तर ‘परतभरण’ म्हणावे; काही जण त्यालाही सुपरचार्जिंग म्हणतात, ते मला पटत नाही.

आपल्या भाच्यासाठी याचा अर्थ असा की, मोकळ्या सायलेन्सरवर पट्ट्याने फिरणारा ब्लोअर लावला, तर तो बरेचसे पेट्रोल रस्त्यावर फेकेल. टर्बोचे चाक धुराला अडवते म्हणून कोंडण काहीसे साधते, पण तेच चाक परतभरणाची लाट मोडते, आणि त्याच्या दांड्याला दाबाखालचे तेल लागते, जे पेट्रोलमध्ये ऑईल मिसळणाऱ्या इंजिनात मुळात नसतेच. ब्लोअर कार्बोरेटरच्या आधी ठेवल्यास कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या वाटीवरही तोच दाब द्यावा लागतो. नाहीतर पेट्रोल कमी येते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन बोअरमध्ये अडकतो.

प्रश्नकर्ता :
आभार. आमचे मिस्त्री या शेवटच्या प्रकाराला हिंदीत ‘इंजन ने पकड़ लिया’ म्हणतात आणि घरात आम्हीही ‘इंजिनाने पकडले’ असेच बोलतो. ‘सीझ झाले’पेक्षा तेच टिपणात ठेवीन. पहिले वाक्य आता असे लिहिले आहे : ‘टू-स्ट्रोक स्कूटरला दाबभरण करण्याआधी कोंडणाची सोय पाहावी.’ भाच्याने वाचले, आणि ब्लोअर बाजूला ठेवून सध्या बोअर मोजत बसला आहे.