म्युनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना, प्राग: दोघांनी गाडीने बारा रात्रींत करावे का?

पंचगंगा

नमस्कार. सप्टेंबरच्या अखेरीस माझे यजमान आणि मी असे दोघेच मध्य युरोपात बारा रात्रींसाठी जाण्याचे ठरवत आहोत. सहल कंपनीच्या बसमधून आम्ही एकदा जाऊन आलो आहोत. परंतु एखादे गाव आवडले तरी बस सुटायची वेळ झाली म्हणून उठावे लागते, ही रुखरुख अजून मनात आहे. म्हणून या वेळी भाड्याने गाडी घेऊन स्वतः फिरावे, अशी दोघांचीही इच्छा आहे. आम्ही दोघेही पंचवीस वर्षांहून अधिक काळ गाडी चालवत असून कोल्हापूर ते पणजी, कोल्हापूर ते हंपी असे प्रवास आळीपाळीने गाडी चालवत केले आहेत.

आमचा मार्ग असा आहे: म्युनिकला उतरून तेथेच गाडी घ्यायची, म्युनिक दोन रात्री, साल्झबुर्ग दोन, हालश्टाट एक, व्हिएन्ना दोन, चेस्की क्रुमलॉव्ह एक, प्राग दोन, न्यूरेंबर्ग एक आणि पुन्हा म्युनिक एक. नकाशावर पाहिले तर एकूण अंतर साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे गाडी चालवण्याचा ताण होईल असे वाटत नाही. यजमानांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली आहे. ते सपाटीवर दोन-तीन किलोमीटर आरामात चालतात, मात्र पायऱ्या उतरताना त्यांना त्रास होतो. गाडी असली म्हणजे प्रत्येक स्थळाच्या दारापर्यंत जाता येईल, हाही गाडी घेण्यामागचा एक हेतू आहे.

हा मार्ग योग्य आहे का, उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय किती दिवसांत होते, आणि कागदपत्रांत काय काय लागते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत.

मुळाकाठ

पंचगंगाताई, आम्ही पती-पत्नींनी दोन वर्षांपूर्वी जवळजवळ हाच मार्ग गाडीने केला, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रथम गाडी चालवण्याविषयी. मोठ्या रस्त्यावर उजव्या बाजूची सवय तासाभरात होते, कारण तेथे सगळेच एका दिशेने जात असतात. चूक होण्याची शक्यता असते ती रिकाम्या रस्त्यावर, विशेषतः सकाळी पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, कारण समोर अनुकरण करायला दुसरे वाहन नसते आणि हात जुन्या सवयीने डावीकडे वळतो. आम्ही असा नियम केला होता की प्रत्येक वळणाआधी शेजारी बसलेल्याने मोठ्याने ‘उजवीकडे राहा’ असे म्हणायचे, आणि शेवटच्या दिवसापर्यंत तो पाळला. आणखी एक गोष्ट: आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत दिशादर्शकाची दांडी उजव्या हाताला असते, तेथे ती डाव्या हाताला असते, त्यामुळे पहिल्या दिवशी वळायचे म्हटले की कोरड्या काचेवर वायपर फिरू लागत. गाडी ताब्यात घेतल्यावर लगेच निघू नका. वाहनतळातच दहा मिनिटे बसून दांड्या, आरसे आणि दिवे हाताखालून घाला. गिअर उजव्या हाताने टाकावे लागतात, म्हणून ऑटोमॅटिक गाडीच घ्यावी आणि तिचे आरक्षण लवकर करावे, कारण छोट्या गाड्यांत ती कमी मिळते.

चिन्ह नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, मग तो कितीही लहान गल्लीतून येत असो. हा नियम आपल्या अंगवळणी नसल्यामुळे तो आधी घोकून जाणे फार आवश्यक आहे. ट्राम थांबली असेल आणि प्रवासी थेट रस्त्यावर उतरत असतील तर ट्रामच्या मागे थांबावे. महामार्गावर वाहतूक तुंबली की अगदी डाव्या मार्गिकेतल्या गाड्यांनी डावीकडे आणि बाकी सर्वांनी उजवीकडे सरकून मधोमध वाट मोकळी ठेवायची, असा जर्मनी आणि ऑस्ट्रिया या दोन्ही देशांत कायदा आहे. साल्झबुर्गच्या अलीकडे आम्ही ते प्रत्यक्ष पाहिले: वेग मंदावताच, भोंगा ऐकू येण्याच्या कितीतरी आधी, शेकडो गाड्या दोन्ही कडांना सरकल्या आणि काही मिनिटांनी त्या वाटेने रुग्णवाहिका एकदाही न थांबता निघून गेली. वारीत दिंड्या दुभंगून रुग्णवाहिकेला वाट देतात, त्याची आठवण झाली आणि मन भरून आले.

आता आमची चूक. प्रागमध्ये आम्ही निळ्या रेषेच्या जागेत गाडी लावली. ती जागा तेथील रहिवाशांसाठी राखीव असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. घरी परतल्यावर तीन महिन्यांनी भाड्याच्या गाडीच्या कंपनीने दंडासाठी आमची माहिती पोलिसांना पुरवल्याबद्दल आमच्या क्रेडिट कार्डावरून वेगळे शुल्क कापले, आणि मूळ दंडाची नोटीस त्यानंतर आली. रक्कम फार मोठी नव्हती, परंतु पत्रव्यवहारात महिना गेला. गाडीची अनामत रक्कम मुख्य चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडवून ठेवली जाते, आणि डेबिट कार्ड बहुधा चालत नाही, हेही आधी पाहून घ्या. दोघे चालवणार असाल तर दुसऱ्या चालकाचे नाव करारात असलेच पाहिजे. ते नसेल तर विम्याचा उपयोग होत नाही.

डॅन्यूबकाठी

मी मूळचा सांगलीचा असून बारा वर्षे ऑस्ट्रियातील लिंझमध्ये नोकरीनिमित्त राहतो. दरवर्षी नातलग येतात आणि आपल्यासारखेच प्रश्न विचारतात, म्हणून स्पष्ट मत देतो: आपला मार्ग बदलावा. तो लांब आहे म्हणून नव्हे. गाडीचा खरा उपयोग जेथे आहे तेथे आपण एकच रात्र ठेवली आहे आणि जेथे तिची अडचण होते तेथे तिला दहा-अकरा रात्री उभी करून ठेवणार आहात, म्हणून.

गाडी असली म्हणजे स्थळाच्या दारापर्यंत जाता येईल, ही अपेक्षा या शहरांत पुरी होत नाही. १ मार्च २०२२ पासून जवळजवळ संपूर्ण व्हिएन्ना हे अल्पकालीन पार्किंगचे क्षेत्र आहे: सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ ते रात्री दहा या वेळेत रस्त्यावर पैसे भरूनही सलग दोनच तास गाडी ठेवता येते. साल्झबुर्गच्या जुन्या गावात पर्यटकांच्या गाड्यांना मज्जाव आहे. तेथील मोठा वाहनतळ म्योन्शबेर्ग या डोंगराच्या पोटात खोदलेला आहे. क्रुमलॉव्ह आणि हालश्टाट येथेही गाडी गावाबाहेर ठेवून चालावेच लागते. याउलट गुडघ्याच्या दृष्टीने व्हिएन्नाची सार्वजनिक वाहतूक फार सोयीची आहे: नव्या ट्रामची पायरी रस्त्याच्या जवळजवळ पातळीवर असते आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांत उद्वाहने आहेत.

सप्टेंबरच्या अखेरीस म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा मोठा उत्सव चालू असतो. नावात ऑक्टोबर असला तरी तो सप्टेंबरच्या मध्यानंतरच्या शनिवारी सुरू होतो, आणि त्या दिवसांत हॉटेलांचे दर कित्येक पटींनी चढतात. म्हणून म्युनिक आणि न्यूरेंबर्ग दोन्ही गाळा. जाताना व्हिएन्नाला उतरावे आणि परतीचे विमान प्रागहून घ्यावे.

व्हिएन्नात पहिल्या चार रात्री गाडीविना राहा. पाचव्या दिवशी सकाळी गाडी घ्या आणि वाखाऊ खोऱ्यात जा. मेल्क ते क्रेम्स हा डॅन्यूबचा सुमारे छत्तीस किलोमीटरचा पट्टा २००० साली जागतिक वारसा यादीत गेला. नदीला लागून रस्ता, रस्त्याला लागून जर्दाळूच्या बागा आणि वर दगडी बांध घातलेल्या उतारांवर द्राक्षांचे मळे. सप्टेंबरअखेर म्हणजे तेथे द्राक्षतोडणीचे दिवस. ड्युर्नस्टाइनच्या टेकडीवर एका गढीचे अवशेष आहेत, जेथे इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३च्या हिवाळ्यात कैदेत होता. ती चढण यजमानांना झेपणार नाही, परंतु पलीकडच्या तीरावरून गढी आणि गावातल्या मठाचा निळा मनोरा ही दोन्ही सपाटीवर उभे राहूनच उत्तम दिसतात. वाटेत विलेनडॉर्फ हे लहानसे गाव लागते. तेथे १९०८ साली सापडलेली चुनखडीची स्त्रीमूर्ती हाताच्या पंज्यात मावेल एवढीच आहे, आणि ती व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ठेवलेली आहे. आधी मूर्ती पाहून मग ती सापडली तो नदीकाठ पाहणे, हा क्रम मला फार आवडतो. एक रात्र येथे काढा.

नंतर दोन रात्री हालश्टाटमध्ये न राहता त्याच सरोवराकाठच्या ओबरट्राउनमध्ये राहा. हालश्टाट साडेसातशे वस्तीचे गाव आहे आणि दुपारी तेथे पाय ठेवायला जागा नसते. सकाळी आठच्या आधी गेलात तर पाण्यावर धुके असते आणि घरांची दारे नुकती उघडत असतात. त्यानंतर एक रात्र साल्झबुर्ग. तेथील होहेनसाल्झबुर्ग किल्ल्यावर जायला तारेने ओढली जाणारी रेल्वे आहे, त्यामुळे गुडघ्याची चिंता नाही. तेथून लिंझला येऊन गाडी परत करा. गाडी पूर्ण वेळ ऑस्ट्रियातच राहिल्यामुळे सीमेपलीकडे नेण्याची परवानगी काढावी लागत नाही, आणि येथील महामार्गासाठी लागणारे विन्येट (टोल भरल्याचा पास) येथल्या भाड्याच्या गाड्यांवर बहुधा आधीच असते. तरी विचारून घ्या. लिंझहून क्रुमलॉव्हला प्रवासी घेऊन जाणाऱ्या छोट्या गाड्या आहेत. तेथे एक रात्र राहून पुढे प्रागला तीन रात्री. एकूण बारा भरतात.

रुळावरून

मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे माझा कल कोणता हे उघडच आहे. तरीही वरील योजना मला पूर्णपणे पटली. वाखाऊ आणि सरोवरांचा प्रदेश यांसाठी गाडी घ्यावी हे योग्य, परंतु व्हिएन्ना ते साल्झबुर्ग अंतर रेल्वेने अडीच तासांत जाता येते, तेव्हा केवळ शहरे पाहणाऱ्यांनी गाडीच्या भानगडीत पडू नये.

प्रागविषयी दोन सूचना. तेथे तिकीट विकत घेणे पुरेसे नसते. कागदी तिकिटावर पहिल्या प्रवासाच्या सुरुवातीला पिवळ्या यंत्रात वेळेचा शिक्का उमटवावा लागतो, अन्यथा खिशात तिकीट असूनही दंड होतो. किल्ला पाहायला चार्ल्स पुलापासून पायऱ्या चढून जाऊ नये. बावीस क्रमांकाची ट्राम वरच्या बाजूने नेते, आणि पाहून झाल्यावर परतही त्याच ट्रामने यावे, कारण उतरणीच्या पायऱ्याच यजमानांना बाधतील. प्राग आणि क्रुमलॉव्हचे रस्ते गोट्यांसारख्या दगडांनी जडलेले आहेत. जाड आणि मऊ तळाचे, घरी महिनाभर वापरलेले बूट घालावेत.

मुळाकाठ

कागदपत्रांचे राहिले होते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओकडून नमुना ४-अ भरून मिळतो आणि तो एक वर्ष चालतो. तो मूळ परवान्यासोबतच ग्राह्य असतो, म्हणून दोन्ही जवळ हवेत. ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे शेंगेन व्हिसाचा अर्ज करायचा असतो. नव्या योजनेत ऑस्ट्रियात आठ रात्री होतात, म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

खाण्याचे म्हणाल तर चीज घातलेले श्पेत्झले (पिठाच्या जाडसर शेवया), जर्दाळू भरलेले गोड क्नोडेल (उकडलेले गोळे) आणि भाज्यांचे सूप सर्वत्र मिळते, परंतु सूप मांसाच्या रश्शात केलेले नाही ना, हे दर वेळी विचारावे. ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी सहाला दुकाने बंद होतात ती थेट सोमवारी उघडतात. घरून मेतकूट, भाजणी, चटण्या न्याव्यात; तूप आणि खवा मात्र नेऊ नये, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे.

पंचगंगा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रात्री यजमानांसमवेत हे सर्व पुन्हा मोठ्याने वाचले आणि नकाशावर नव्या खुणा केल्या. म्युनिक सोडताना त्यांना थोडे वाईट वाटले. वाखाऊचे नाव मात्र आम्ही दोघांनीही प्रथमच ऐकले, आणि आता तेथे एकाऐवजी दोन रात्री राहावे असे वाटू लागले आहे. त्यासाठी व्हिएन्नाची एक रात्र कमी केली तर चालेल का?

डॅन्यूबकाठी

अवश्य चालेल. व्हिएन्नात तीन पूर्ण दिवस मिळतील अशा बेताने विमान सकाळी पोहोचणारे घ्या. दुसरी रात्र वाखाऊच्या दक्षिण तीरावर काढा. त्या बाजूला वर्दळ कमी असते, आणि मधल्या गावांत गाडीसह पलीकडे नेणारी तराफ्यासारखी बोट आहे. तिला इंजिन नसते. वरून आडव्या ताणलेल्या तारेला ती बांधलेली असते आणि प्रवाहाच्या जोरावरच सरकते. कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला तिच्यावर उभे राहून पाणी पाहताना जे वाटते ते आपल्यालाही वाटेल. काळोख पडल्यावर ती बंद होते, तेवढे लक्षात ठेवा.