पाहुण्याला प्यायचं पाणी: तांब्या-भांडं की बंद बाटली?

सड्यावरची:
परवा एका प्रवाशाची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. गुहागरच्या बाजूला घरगुती न्याहारी-निवासात दोन रात्री राहिले, आणि निघताना बिलात सहा बाटल्यांचे १२० रुपये वेगळे लागले. इथवर मी त्यांच्याच बाजूची, राहत्या पाहुण्याकडून पाण्याचे पैसे घेऊच नयेत. पण पुढे ते लिहितात, ‘मालकीणबाई तांब्यातून विहिरीचं पाणी द्यायला लागल्या, ते कोण पिणार? बंद बाटली फुकट ठेवणं हे यांचं किमान कर्तव्य.’ हे वाचल्यापासून डोकं भणभणतंय.

आमच्या चार खोल्या आहेत, सात वर्षं झाली. सकाळी सहाला सासूबाई पाणी फडक्याने गाळून चुलीवर ठेवतात. खळखळून उकळी आली की आणखी पाच मिनिटं, मग झाकून गार करून माठात. माठात कुणाचा हात बुडू नये म्हणून लांब दांड्याचं ओगराळं. खोलीत तांब्या-भांडं, रोज चिंचेने घासलेलं. एवढं करून पाहुणा तांब्याकडे बघून नाक मुरडतो आणि विचारतो, ‘बिसलेरी नाही का?’

मे महिन्यात खोल्या भरल्या की दिवसाला पंचवीस-तीस बाटल्या होतील. आमच्या वाडीत कचरागाडी येत नाही. त्या बाटल्या मी टाकू कुठे? पऱ्यात, म्हणजे ओढ्यात? पहिल्या पावसात सगळ्या खाली खाडीत.

भटकंती_पुणे:
ती पोस्ट माझीच. ताई, तुमच्या सासूबाईंच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण पाहुण्याला तुमचं स्वयंपाकघर दिसत नाही. त्याला दिसतो फक्त तांब्या. तीन वर्षांपूर्वी कोकणातल्याच एका घरगुती ठिकाणी राहून आलो आणि आठव्या दिवशी मुलीचे डोळे पिवळे झाले. कावीळ, ए प्रकारची. नववीची सहामाही बुडाली, दीड महिना मुलगी अंथरुणाला खिळून होती. तेव्हापासून मी कुठेही सील तोडल्याशिवाय पाणी पीत नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

निवृत्त_प्रयोगशाळा:
मुलीचं ऐकून वाईट वाटलं. पण तीस वर्षं पाणी तपासण्यात गेली, म्हणून बोलतो. ए प्रकारची कावीळ लागण झाल्यापासून दिसायला साधारण १५ ते ५० दिवस लागतात. आठव्या दिवशी डोळे पिवळे झाले तर लागण कोकणात यायच्या आधीच झालेली होती. पाणीपुरी, बर्फाचा गोळा, शाळेतली टाकी, काहीही असेल.

भटकंती_पुणे:
म्हणजे आता माझ्या मुलीच्या आजाराचा पंचनामा इथे होणार? बाप म्हणून मी काय भोगलंय ते तुमच्या प्रयोगशाळेत कळत नाही.

निवृत्त_प्रयोगशाळा:
पंचनामा नाही साहेब. एका गावाच्या पाण्यावर डाग लागतो तेव्हा तारखा बघाव्या लागतात, एवढंच.

हिशेबी_ठाणेकर:
बाटली विकली तर बिघडलं काय? २०१७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय की हॉटेलला बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दरानेही विकता येते. त्या गुहागरच्या मालकीणबाईंनी तर छापील वीसच घेतले. धंदा आहे, धर्मशाळा नव्हे.

सड्यावरची:
तो निकाल हॉटेलवाल्यांचा. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी, मग ‘कुठून आलात’. पोस्टमनलाही देतो. जो खोलीचे पैसे मोजतो त्याच्याकडून पाण्याचे घ्यायचे? माझ्या हातून नाही होणार.

वाडीकर:
तांब्या की बाटली यावर भांडताय, पण पाणी येतं कुठून ते कुणी विचारत नाही. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. पण खाली जांभा, सगळा भोकाभोकांचा. पडलेलं पाणी झिरपून पऱ्यातून समुद्राला मिळतं आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला दोन होमस्टे झाले, दोघांनी बोअर मारली, एकाने तर पोहण्याचा तलाव बांधला. गेल्या मेमध्ये वाडीतल्या बायका टँकरच्या रांगेत कळश्या घेऊन उभ्या आणि वर पोरं तलावात उड्या मारतायत. प्यायचं पाणी माणशी तीन लिटर. शॉवरखाली किती जातं ते बोला.

हिशेबी_ठाणेकर:
पर्यटन आलं तर रोजगार येतो, तो नको का? तुमचीच पोरं मुंबईत खोल्या भाड्याने घेऊन राहतात.

वाडीकर:
पोरं गेली त्याला कारण हेच पाणी. एप्रिल-मेमध्ये म्हशीला पाजायला पाणी नाही, पोरगा गोठा ठेवील कसा? आम्हाला रोजगार शिकवू नका. तलाववाल्याकडे वाडीतला एक माणूस कामाला आहे, माळी म्हणून.

सड्यावरची:
वाडीकर भाऊ, राग समजतो, पण सगळ्यांना एका मापात मोजू नका. माझ्याकडे शॉवर नाही, बादली-तांब्या आहे. त्यावरूनही पाहुण्यांची बोलणी खाते. मोरीचं पाणी पोफळींना जातं.

वाडीकर:
मग तुम्हाला नाही म्हटलं. पण बोअर तुमचीही असेल.

सड्यावरची:
आहे. २०१९ ला मारली. नाही म्हणत नाही.

भटकंती_पुणे:
मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. आरओ फिल्टर बसवा, त्यावर पाटी लावा, मी मुकाट पितो. यात अडचण काय?

निवृत्त_प्रयोगशाळा:
अडचण अशी की घरगुती आरओ लिटरभर पाणी देताना दोन-तीन लिटर सोडून देतो. टँकरच्या गावात हे पाप आहे. शिवाय आरओ क्षार काढायला असतो. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मुळात हलकं. मी मोजलेल्या बहुतेक विहिरींचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, दोनशेच्या आत होता. मानकात पाचशेपर्यंत चालतो, आणि त्याच्या आत असेल तिथे आरओवर बंदी घाला असं हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलंय. इथे भीती क्षारांची नाही, विहिरीजवळच्या संडासाच्या शोषखड्ड्याची. त्यावर उकळणं पुरतं.

मात्र ताई, तुम्हालाही एक सांगतो. ‘आम्ही उकळतो’ हा पुरावा नव्हे. पाणी तपासायची एचटूएसची बाटली मिळते, स्वस्त असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबेला एक-दोन दिवस ठेवायची. काळी पडली तर पाण्यात मैला उतरलाय. माठातलं पाणी शेवटचं कधी तपासलंत?

सड्यावरची:
विहिरीचं तपासतात, आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, आणि पाऊस संपल्यावर. ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, टाकून जातो, दोन दिवस चहालाही वास येतो. माठातलं कधीच नाही तपासलं. हे मला टोचलं. उकळल्यावर काय बघायचं, असं वाटायचं.

निवृत्त_प्रयोगशाळा:
उकळल्यानंतरच घोळ होतो. माठ, ओगराळं, भांडं पुसायचं फडकं.

भटकंती_पुणे:
हेच तर मी म्हणत होतो, फक्त रागात म्हणालो. ‘ते कोण पिणार’ हे वाक्य माझ्या पोस्टमधून काढतो. १२० रुपयांचं तसंच ठेवतो. आणि कावीळ आठव्या दिवशीची होती, हे घरी पुन्हा विचारलं. बायको म्हणाली सातव्या. त्यावर आता मी काही बोलत नाही.

सड्यावरची:
रत्नागिरीहून एचटूएसच्या चार बाटल्या आणवल्या. एक विहिरीच्या पाण्याची, एक माठाच्या, एक खोलीतल्या तांब्याच्या, आणि एक पाहुण्याच्या अर्ध्या प्यालेल्या विकतच्या बाटलीतली. परवा सकाळी चारींचे फोटो इथेच टाकते, काळी पडली तरी टाकते. सासूबाई रुसल्यात.

वाडीकर:
टाका. पाचवी आमच्या टँकरच्या पाण्याची लावा, मी कळशी आणून देतो.