मदत हवी आहे: उपाध्यांच्या वहीतली आमची नामावळी कशी शोधायची?

नमस्कार मंडळी. भावाची मुलं मेलबर्नहून पहिल्यांदाच नाशिकला आली आहेत. भाचा अकरा वर्षांचा, भाची सातची. मिसळीने डोळ्यांत पाणी आणलं, पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर कुरकुर झाली (ती मोठ्यांचीही होतेच). रमली ती गोदाघाटावर. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं यावरून इथे पुराचा अंदाज बांधतात, हे सांगितल्यावर भाची म्हणाली, "म्हणजे हा पट्टी आहे?" मग रामकुंडापाशी तिची सरबत्ती: आत्या, पप्पा इथे यायचे? आजोबा? त्यांचे पप्पा? पणजोबांच्या पुढे माझीही गाडी अडली.

तेव्हा वह्या आठवल्या. इथले तीर्थोपाध्ये यजमान घराण्यांची नामावळी पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात; कुणी कधी आलं, सोबत कोण, खाली सही. आमच्या पणजोबांचीही नोंद असणार, असं वडील म्हणायचे. मूळ गाव निफाड तालुक्यातलं, पण आमच्या घराण्याचे उपाध्ये कोण हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

आडनाव आणि गावावरून घाटावर विचारत जायचं, की आधी कुणाला भेटावं? जुनी पानं मोडी लिपीत असतील तर ते वाचून दाखवतात का? फोटो काढू देतात? विधी न करता फक्त वही बघायला गेलं तर चालतं का, आणि दक्षिणा साधारण किती ठेवावी? मुलांची नावं त्यांच्याच हाताने लिहू दिली तर फारच छान.

पुढच्या शनिवारी मंडळी परत निघताहेत. कुणी नुकतंच जाऊन आलं असेल तर कृपया लवकर कळवा.